अंगणावरचें उघडझापीचें छत

वऱ्हाडांतील घराचें अंगण ही घराबाहेरची मोकळी जागा नव्हे. ती घरांतील सर्वांत मोठी खोलीच होय, फक्त तिला छत नाहीं, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. सकाळीं तुळशीला पाणी आणि धान्याची निवडटिपण, चैत्रांत पापड-कुरडयांचें वाळवण, वैशाखांत मुंजीचा नाहीं तर लग्नाचा मांडव, आणि उन्हाळ्याच्या रात्रीं ओळीनें टाकलेल्या बाजा. एकत्र कुटुंबांत ज्यांना दिवसभर एकमेकांशीं दोन शब्द बोलण्यास सवड होत नाहीं, तीं माणसें रात्रीं या बाजांवर बसूनच काय तें बोलतात. अशा या अंगणावर हल्लीं दोन संकटें आलीं आहेत. एक उन्हाचें, आणि दुसरें त्या उन्हावर केलेल्या उपायाचें. ऊन्ह सोसेनासें झालें कीं घरमालक लोहाराला बोलावतो, चार लोखंडी खांब उभे राहतात, त्यांवर पत्रे पडतात आणि अंगण कायमचें झांकलें जातें. वाळवण गच्चीवर चढतें, तुळस फिकी पडते, आणि ज्या जागेसाठीं एवढा खर्च केला तेथें रात्रीं झोपण्यास कोणी धजत नाहीं.

ऊन्ह खरोखरीच वाढलें आहे कीं आपली सोसण्याची शक्ति कमी झाली आहे, हा वाद घरोघरीं चालतो. त्यांत न शिरतां एवढें सांगतां येईल कीं, अकोल्यास मे महिन्यांत दिवसाचें सरासरी कमाल उष्णतामान ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास असतें, आणि कडक वर्षीं पारा ४५ च्या वर चढतो. अमरावती थोडी उंचावर असल्यामुळें तेथें एखादा अंश कमी, इतकाच काय तो दिलासा. मे २०२४ मध्यें अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनीं फौजदारी प्रक्रिया संहितेचें १४४ वें कलम ३१ मेपर्यंत जारी केलें, तें दंग्याधोप्यामुळें नव्हे, उन्हामुळें. कामगारांना पिण्याचें पाणी व उन्हापासून निवारा देण्याचें बंधन घालण्यांत आलें, आणि खासगी शिकवणीचे वर्ग भर दुपारीं भरवूं नयेत असा हुकूम निघाला. जें कलम जमाव पांगविण्यासाठीं वापरलें जात असे, तें उन्हापायीं वापरावें लागलें, यावरून त्या उन्हाची कल्पना यावी. घरांत याचा सर्वांत अधिक धोका आजी-आजोबांना आणि पाळण्यांतील मुलाला. म्हातारपणीं घाम कमी येतो, तहानही वेळेवर लागत नाहीं. त्यामुळें शरीर तापत आहे ही गोष्ट त्यांच्या स्वतःच्या लक्षांत येण्यापूर्वींच घरच्यांच्या लक्षांत यावी लागते.

पत्र्याला पर्याय म्हणून गेल्या कांहीं वर्षांत एक नवी वस्तु बाजारांत आली आहे. मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्यांच्या जाहिराती आतां आपल्याकडेही पोंचल्या आहेत, आणि नवे बंगले बांधणारे तिची चौकशी करूं लागले आहेत. तिला पर्गोला म्हणतात. शब्द मुळांत लॅटिन, इटालियनमधून जगभर गेलेला. अर्थ आपल्या मांडवाहून फारसा निराळा नाहीं. खांब, त्यांवर आडव्या-उभ्या दांड्या आणि दांड्यांवर द्राक्षाचे वा फुलांचे वेल, असा तो मूळचा प्रकार. गेल्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियांत कोणीतरी वेलींच्या जागीं धातूच्या फिरत्या पट्ट्या बसविल्या, त्यांना विजेची मोटार जोडली, आणि उघडझांक करतां येणारें छत तयार झालें. पुढें युरोपांतील कारखान्यांनीं तें उचललें व आतां तें आपल्या देशांतही बनतें.

त्याची रचना समजण्यास कठीण नाहीं. जुन्या बंगल्यांच्या व सरकारी कचेऱ्यांच्या खिडक्यांना असलेली लांकडी झिलमिली ज्यांनीं पाहिली आहे, त्यांनीं ती झिलमिली मनांतल्या मनांत आडवी करून डोक्यावर धरावी, म्हणजे झालें. चार खांबांवर एक चौकट असते. चौकटींत साधारण सहा ते आठ इंच रुंदीच्या अॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या एकीशेजारीं एक बसविलेल्या असतात. प्रत्येक पट्टी दोन टोकांच्या खुंट्यांवर फिरते, आणि सर्व पट्ट्या एकाच दांडीला जोडलेल्या असल्यामुळें दांडी पुढें सरकली कीं साऱ्या एकदम वळतात. दांडी सरकविणारी लहानशी मोटार तुळईंत लपविलेली असते. ती बहुधा २४ व्होल्टवर चालते. पट्ट्या पुऱ्या मिटल्या म्हणजे एकीची कड दुसरीवर बसते, फटीवर पडलेलें पाणी पट्टीच्याच खोबणींतून चौकटींतील पन्हळींत जातें आणि खांबाच्या पोटांतून खालीं उतरतें. पट्ट्या उभ्या केल्या कीं वर आकाश. मधल्या कोणत्याही कोनांत त्या थांबवितां येतात. दुसरा एक प्रकार घडी होणाऱ्या कापडाचा असतो. परंतु वैशाखांतील वावटळी आणि धूळ पाहतां तो आमच्या हवेला मानवेल असें वाटत नाहीं, म्हणून त्याविषयीं येथें अधिक लिहीत नाहीं.

हें सारें वाचून कोणास वाटेल कीं, सावली हवी तितकी कमीजास्त करण्याची ही युक्ति परदेशांतून आली. ज्यांना तसें वाटत असेल त्यांनीं अमरावती जिल्ह्यांतील अंजनगांव सुर्जी किंवा अकोला जिल्ह्यांतील अकोट या बाजूचे पानमळे एकदां पाहून यावे. विड्याच्या पानाचा वेल मोठा नाजूक; त्याला भर ऊन्ह सोसत नाहीं आणि काळोखही चालत नाहीं. म्हणून बारी लोक शेवरी, पांगारा, हादगा अशीं झाडें ओळीनें लावून त्यांवर वेल चढवितात. तींच झाडें वेलाचा आधार आणि तींच त्याची सावली. ऊन्ह तापूं लागलें कीं फांद्या वाढूं द्यावयाच्या, पावसाळ्यांत मळा कोंदटूं लागला कीं छाटावयाच्या, आणि भोंवतीं ताट्या बांधून तापलेला वारा अडवावयाचा. या कामांत मोटारीच्या जागीं कोयता असतो, एवढाच फरक. पण या मळ्यांतून घेण्यासारखी खरी गोष्ट ती ताटी होय. वरच्या सावलीइतकीच त्यांना बाजूची आडोशाची काळजी असते. आणि नवें छत घेणाऱ्यांकडून नेमकी तीच राहून जाते.

असें होण्याचें कारण सूर्याच्या वाटेंत आहे, व ती वाट येथें जरा बारकाईनें पाहिली पाहिजे. अकोला साधारण २०.७ उत्तर अक्षांशावर आणि अमरावती त्याच्या किंचित् वर. त्यामुळें मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यांत एके दिवशीं, आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यांत, मध्यान्हीं सूर्य अगदीं डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली तिच्या पायाशींच नाहींशी होते. या दिवसांत घड्याळाप्रमाणें सव्वाबाराच्या सुमारास छताची सावली बरोबर छताखालीं पडते. व्यापारी आपला माल दाखविण्यास हीच वेळ पसंत करील. परंतु उन्हाळ्याचा खरा जाच दुपारीं तीननंतर होतो. त्या वेळीं भिंती तापून चुकलेल्या असतात, हवा सर्वांत उष्ण असते, आणि सूर्य पश्चिमेकडे कलूं लागलेला असतो. मेअखेरच्या दिवसांत दुपारीं सव्वाचारच्या पुढें तो क्षितिजापासून सुमारें ३४ अंशांवर असतो. दहा फूट उंच छताची सावली या वेळीं पूर्वेकडे चौदा फुटांहून अधिक सरकलेली असते. छत पूर्व-पश्चिम बारा फूट रुंद असेल, तर त्याखालच्या जमिनीवर त्याची स्वतःची सावली वीतभरसुद्धां उरत नाहीं! तीन वाजून वीस मिनिटांनीं नऊ फूट गेलेलीच असते. उरतो तो तीन फुटांचा एक पट्टा, आणि तोही पूर्वेच्या कडेला.

सबब, ज्या घराच्या पश्चिमेस उंच भिंत, शेजाऱ्याचें घर वा दाट झाड नाहीं, तेथें कितीही किंमतीचें छत घातलें तरी दुपारच्या चहाच्या वेळीं आजोबांच्या अंगावर ऊन्ह येणारच. आधीं पश्चिम बांधावी, मग डोकें झांकावें. पश्चिमेकडे पडदा, ताटी, वेलींची जाळी, कांहीं तरी हवें. आणि मे महिन्यांत सूर्य पश्चिमेच्या बराच उत्तरेकडे मावळत असल्यामुळें तो आडोसा वायव्य कोपऱ्यापर्यंत नेला पाहिजे. हा पडदा छताबरोबरच विकत घ्यावा लागतो असें मुळींच नाहीं. वेळूच्या चिकाचा किंवा वाळ्याचा पडदा तेंच काम करतो, आणि त्याला मोटार लागत नाहीं.

वाळ्याची गोष्ट निघाली आहे तर ती येथेंच सांगतों. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरींत वाळ्याच्या खोल्या करून त्यांवर पाणी शिंपडण्याचा, व त्यायोगें भर उन्हाळ्यांत गारवा आणण्याचा उल्लेख आहे. त्याच ग्रंथांत वऱ्हाड सुभ्याचेंही वर्णन आहे, ही वऱ्हाडी वाचकांस आवडणारी गोष्ट. पुढें इंग्रजी अमदानींत साहेबलोक हातानें फिरवावयाचा पंखा एका पेटींत घालून तिच्या तोंडाला वाळ्याच्या ओल्या ताट्या लावीत. आज घरोघरीं मे महिन्यांत घरघरणारा कूलर हा त्याचाच वंशज होय. या उपायामागील शास्त्र साधें आहे. पाण्याची वाफ होतांना ती हवेंतील उष्णता घेते. हवा जितकी कोरडी तितकी वाफ अधिक. उष्णतामान ४३ अंश आणि आर्द्रता शेंकडा १५ असेल, तर ओल्या पडद्यांतून येणारा वारा गणितानें सुमारें २३ अंशांपर्यंत उतरूं शकतो. प्रत्यक्षांत साध्या पडद्यानें २७-२८ अंश मिळाले तरी पुष्कळ झालें. छताचें मात्र असें नाहीं. वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, कोणतेंही छत हवा गार करीत नाहीं. तें अंगावर पडणारें ऊन्ह तेवढें अडवितें. भर दुपारीं चौरस मीटरमागें हजार वॅटच्या आसपास उष्णता सूर्य ओततो, ती अडली म्हणजे मोठाच लाभ. पण सावलींतील ४३ अंश हे ४३ अंशच राहतात. छतानें ऊन्ह अडवावें आणि ओल्या पडद्यानें वारा गार करावा; पैकीं एकच असून भागत नाहीं.

पट्ट्यांच्या रंगाविषयींही दोन शब्द. जाहिरातींतील चित्रांत छतें बहुधा काळसर राखाडी असतात आणि तीं दिसतात झोंकदार. तीं चित्रें थंड देशांतलीं. काळसर धातु आमच्या उन्हांत इतका तापेल कीं खालीं बसणाऱ्याच्या डोक्यावर शेगडी टांगल्यासारखें वाटावें. वरची बाजू तरी पांढरी किंवा फिकट असावी.

आतां रात्र. आमच्या मतें या छताची खरी योग्यता दिवसा कळतच नाहीं, ती रात्रीं कळते. दिवसभर तापलेली फरशी, भिंत, जमीन हीं रात्रीं आपली उष्णता आकाशाकडे टाकीत असतात. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली म्हणजे हें काम झपाट्यानें होतें. वऱ्हाडांतील वैशाखी रात्र त्याला अगदीं अनुकूल. मे महिन्यांतही पहाटेपर्यंत पारा दुपारच्या मानानें पंधराएक अंश उतरतो. अंगणांत बाज टाकून झोपण्याची आपली रीत याच निरीक्षणावर उभी आहे. पण अंगणावर सिमेंटचें छत असेल तर तें स्वतःच मध्यरात्रींपर्यंत दिवसाची उष्णता खालीं सोडीत राहतें. पत्रा लवकर निवतो हें खरें; तथापि फरशीची व भिंतींची उष्णता आकाशाला मिळूं देण्यांत तो आडवा येतो आणि गरम हवेला वर निघून जाण्यास वाट ठेवीत नाहीं. फिरत्या पट्ट्यांचें छत सूर्यास्ताला सताड उघडलें कीं अंगण पुन्हा अंगण होतें. ज्यांना तें रात्रीं उघडण्याचें लक्षांत राहणार नाहीं किंवा ज्यांच्या घरीं अंगणांत कोणी झोपतच नाहीं, त्यांनीं हा खर्च करण्यापूर्वीं पुन्हा विचार करावा.

वर्षाच्या इतर वेळीं त्याचा उपयोग कसा होईल तें गृहिणी आमच्यापेक्षां अधिक जाणतात. वाळवणाच्या दिवसांत सकाळीं नऊपासून बारापर्यंत छत पूर्ण उघडें, पापड उचलले कीं बंद. तुळस शक्य तर छताच्या बाहेर, पूर्वेच्या कडेला असावी. तिला ऊन्ह आणि पाऊस दोन्ही हवीं, आणि घरांतील माणसांच्या सोयीसाठीं तिला सावलींत ठेवणें बरें नव्हे. हिंवाळ्याचें गणित पट्ट्यांच्या दिशेवर अवलंबून आहे. डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हींचा सूर्य दक्षिणेकडे सुमारें ४६ अंश उंचीवर असतो. पट्ट्यांची लांबी पूर्व-पश्चिम धरली असेल, तर त्या दक्षिणेकडे कलत्या करून ठेवल्या कीं ऊन्ह त्यांच्या मधून थेट खालच्या चटईवर येतें, आणि बाळंतिणीला वा संधिवाताच्या माणसाला अंगणांत निवांत ऊन्ह घेतां येतें. त्याच पट्ट्या मे महिन्यांत थोड्या अधिक मिटल्या कीं डोक्यावरचा सूर्य अडतो. लांबी दक्षिणोत्तर धरल्यास हा लाभ जातो. बसविणारे कारागीर लहान बाजूनें पट्ट्या टाकण्याचा आग्रह धरतील, कारण त्यांना तें सोपें. तरी घरमालकानें होकायंत्र घेऊन उभें राहावें.

आणि आतां जी गोष्ट कोणत्याही जाहिरातींत सांपडणार नाहीं ती. वऱ्हाडची काळी माती कापसाला जितकी उपकारक तितकीच बांधकामाला वैरीण. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यांत आटते व हाताएवढ्या भेगा पडतात. या फुगण्या-आटण्यानें जुन्या भिंतींना तडे जातात हें सर्वांना ठाऊक आहे. पत्र्याच्या छपराचा एखादा खांब बोटभर वर-खालीं झाला तरी कोणाचें फारसें बिघडत नाहीं. परंतु येथें चौकटींत वीस-पंचवीस पट्ट्या एकाच दांडीवर फिरावयाच्या असतात. चौकट काटकोनांत राहिली नाहीं कीं पट्ट्या एकमेकींवर घासूं लागतात, मिटतांना फट राहते, फटींतून पाणी गळतें, आणि मोटार अडखळून शेवटीं जळते. मग दोष मोटारीला दिला जातो. म्हणून दीड-दोन फुटांच्या खड्ड्यांत सिमेंट ओतून खांब उभे करणाऱ्या मिस्त्र्याला वाटेला लावावें. मातीच्या हालचालीच्या थराखालीं, मुरुम लागेपर्यंत, पाया गेला पाहिजे. मुरुम फार खोल असेल तर तळाशीं फुगवटा असलेले, उलट्या कांद्यासारखे खांब घालण्याची एक पद्धति आहे. काळ्या मातीसाठींच ती रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें रूढ केली, आणि स्थापत्य-अभियंत्यांना ती ठाऊक असते. जेथें जुन्या वाड्याला दगडी जोत्याची ओसरी आहे, तेथें चौकटीची एक बाजू त्या जोत्यावर आणि दुसरी नव्या पायावर टेकवूं नये; दोहोंची हालचाल निराळी, आणि त्यांत चौकट पिळवटते.

वादळाचा विचार याहूनही गंभीरपणें करावयास हवा. ९ एप्रिल २०२३ च्या रात्रीं बाळापूर तालुक्यांतील पारस येथें वादळी पावसांत देवस्थानाच्या पत्र्याच्या मंडपावर कडुनिंबाचें मोठें जुनें झाड कोसळलें आणि आश्रयाला उभ्या असलेल्यांपैकीं सात माणसें प्राणास मुकलीं. पाऊस आला कीं माणूस छताखालीं धांवतो, ही स्वाभाविक प्रवृत्ति. परंतु अंगणांतील हलकें छत हें वादळांतील आसरा नव्हे, मग तें पत्र्याचें असो कीं महागड्या अॅल्युमिनियमचें. वारा सुटला कीं घरांत जावें. अंगणावर कडुनिंब वा चिंच झुकली असेल तर छताचें माप घेण्यापूर्वीं तिच्या वाळक्या व पोकळ फांद्या जाणत्या माणसाकडून उतरवून घ्याव्या. समूळ तोडण्याचें कारण नाहीं, कारण तिच्याइतकी गार सावली कोणताही कारखाना देऊं शकत नाहीं.

वाऱ्याचा छतालाही धोका असतो, पण तो खालून. मिटलेल्या पट्ट्यांखालीं वारा शिरला कीं सारी चौकट पतंगासारखी वर उचलली जाऊं पाहते. म्हणून खांब जमिनीला नुसते टेकलेले नसून घट्ट जखडलेले असावे लागतात. या छतांना पाऊस ओळखणारें आणि वारा ओळखणारें अशीं दोन उपकरणें जोडतां येतात. चार थेंब पडले कीं पहिलें उपकरण पट्ट्या मिटवितें. सुना-मुलें नोकरीवर, नातवंडें शाळेंत, आणि घरीं एकट्या आजीबाई. अशा वेळीं अंगणभर पसरलेल्या कुरडया वळवाच्या पावसांतून वांचतात त्या याच उपकरणामुळें, आणि मोटारीवरच्या खर्चाचें समर्थन करावयाचें तर तें आम्हीं याच एका चित्रावरून करूं. दुसरें उपकरण वारा फार वाढला कीं पट्ट्या कांहीं प्रकारांत उघडतें, कांहींत मिटवितें. वादळांत वारा आणि पाऊस एकदमच येतात. मग एक उपकरण मीट म्हणतें आणि दुसरें उघड म्हणतें! त्यांत कोणाचें ऐकावयाचें हें निर्मात्यागणिक निराळें असतें. घेतांना तें विचारून घ्यावें.

विजेचा खर्च नगण्य आहे. शंभर वॅटची मोटार दिवसांतून एकंदर चार मिनिटें चालली तर एका युनिटाचा दीडशेंवा भागही पुरतो; कूलर एका तासांत याच्या कित्येक पट खातो. अडचण निराळीच आहे. वळवाचा पाऊस येण्यापूर्वीं वीज जाते, ही वऱ्हाडांत नित्याची गोष्ट. म्हणजे ज्या घटकेला छत मिटावयाचें त्याच घटकेला मोटार निपचित. तेव्हां बॅटरीची सोय, किंवा निदान हातानें फिरवावयाची दांडी, असल्यावांचून मोटार घेऊं नये. तारा उघड्या न ठेवतां नळींतून न्याव्या. खारींना त्या कुरतडण्याचा छंद असतो. कडुनिंबाचा मोहोर आणि पानगळ पन्हळींत सांचते, म्हणून मृगाच्या आधीं एक दिवस ती साफ करण्याचें काम घरांतील उंच मुलाकडे लावून द्यावें.

पन्हळींतून उतरणारें पाणी गटारांत सोडणें हा मात्र आपल्या भागांत अपराधच मानला पाहिजे. बारा फूट रुंद आणि सोळा फूट लांब छतावर तासांत ५० मिलीमीटर पाऊस झाला तर सुमारें ९०० लिटर पाणी मिळतें. अकोल्यास वर्षाकांठीं साधारण ८०० मिलीमीटर पडतो त्या हिशेबानें चौदा हजार लिटरच्या आसपास. पूर्णा नदीच्या खोऱ्यांत अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथील विहिरीचें पाणी तोंडांत धरवत नाहीं. अशा घरीं छतावरचें हें गोडें पाणी टांकींत सांठविलें तर वाळ्याच्या पडद्यांना आणि कूलरच्या ताट्यांना तें पुढें कामीं येईल. खारें पाणी ताट्यांवर शिंपडलें कीं आठ दिवसांत पांढरे खवले धरतात, वाऱ्याची वाट बुजते आणि गारवा कमी होतो. पावसाचें पाणी मे महिन्यापर्यंत पुरवावयाचें म्हणजे झांकलेली, उजेड न शिरणारी टांकी हवी, हें सांगावयास नकोच.

किंमतीविषयीं आकडा देण्याचें आम्हीं टाळतों. माप, जाडी, मोटार आणि कारखाना यांप्रमाणें तो फार बदलतो. साध्या पत्र्याच्या कैक पट खर्च येतो एवढें निश्चित. ज्यांना तो झेपत नाहीं त्यांनीं खट्टू होण्याचें कारण नाहीं. लोखंडी चौकटीवर ओढून घ्यावयाचें जाड पांढरें कापड, दोरी आणि कप्पी, इतक्यावर उघडझापीचें काम होतें. फक्त सकाळ-संध्याकाळ दोरी ओढणारा हात हवा आणि वारा सुटला कीं कापड गोळा करण्याची तत्परता हवी. एकत्र कुटुंबांत हातांची उणीव नसते, असें पूर्वीं म्हणतां येत होतें. हल्लीं दुपारीं घरांत दोन म्हातारीं माणसेंच असतात, आणि दोरी त्यांच्यानें ओढवत नाहीं. मोटारीची गरज भासते ती यामुळें. छत भिंतीपासून हद्दीपर्यंत न्यावयाचें असल्यास महानगरपालिकेला विचारावें. सन २०२० पासून राज्यांतील बहुतेक शहरांना एकच बांधकाम नियमावली लागू आहे, आणि घराभोंवतीं सोडावयाच्या मोकळ्या जागेंत काय चालतें व काय नाहीं हें स्थापत्य-अभियंता सांगूं शकेल.

ज्यांना यंदा एकदम सारें करणें जमणार नाहीं, त्यांनीं या चैत्रांत पश्चिमेचा वाळ्याचा पडदा करावा, पावसाळा सरल्यावर जमीन वापशावर आली कीं पाये खणावे, आणि छताचा विचार पुढच्या माघांत करावा. पडदा सकाळीं एकदां आणि दुपारीं दर तासा-दीड तासानें भिजवावा. वाऱ्याच्या बाजूनें, वरून खालीं पाणी झिरपेल असा. मृगाचा पाऊस सुरू झाला कीं त्याचा उपयोग संपतो, कारण दमट हवेंत पाण्याची वाफच होत नाहीं व नुसता कोंदटपणा वाढतो. मग तो सोडून दोन दिवस चांगला वाळवावा आणि माळ्यावर उंदरांच्या वाटेबाहेर टांगून ठेवावा. ओलाच गुंडाळून ठेवला तर पुढच्या चैत्रांत वाळ्याच्या वासाऐवजीं बुरशीचा वास येतो, आणि मग तो पडदा अंगणांत कोणी लावूं देत नाहीं.